आईचा जुना स्कॅन आणि घरातली पेटी

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन कुठाय?" आणि मी, पुण्यात बसून लोकांचे सर्व्हर सांभाळून पोट भरणारा माणूस, ऐटीत म्हणालो, "पाच मिनिटांत दाखवतो."

आईच्या मानेत गाठ होती. पहिल्यांदा सापडली तेव्हा नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं होतं. आता ती काढायची होती आणि त्यासाठी पुण्यातल्या या हॉस्पिटलात शुक्रवार सकाळची वेळ मिळाली होती. पण गाठ कुठल्या बाजूनं किती वाढली हे जुन्या स्कॅनशी ताडून पाहिल्याशिवाय आपण हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत स्कॅन आला नाही तर पुढची वेळ थेट महिन्यानंतरची. हे सगळं बुधवारी दुपारी चाललं होतं.

स्कॅन आमच्या संभाजीनगरच्या घरी होता, हॉलच्या कोपऱ्यातल्या काळ्या पेटीत. पेटी म्हणजे आत दोन डिस्क असलेलं, घरच्या इंटरनेटला जोडलेलं यंत्र. घरातले सगळे कागद, फोटो, रिपोर्ट त्यात भरून ठेवायचे आणि जगात कुठूनही उघडायचे. ते मी स्वतः बसवलं होतं. चार वर्षांत एकदाही दगा दिला नाही, असं ऑफिसात मी ज्याला त्याला ऐकवत असे. त्याच तोऱ्यात मी आईला सांगून टाकलं होतं की स्कॅनची सीडी आता ठेवायची गरज नाही. तिनं ती कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोऱ्याला टांगली. उन्हापावसात ती पार पांढरी पडली. जिथं स्कॅन काढला त्या सेंटरकडे एवढं जुनं काही नव्हतं.

आणि पेटी उघडेना. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी पाच नव्हे, पन्नास मिनिटं झटलो. पासवर्ड पुन्हा पुन्हा घालून पाहिला, फोनचं इंटरनेट वापरून पाहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. ढिम्म. शेवटी बाबांना फोन लावला.

बाबा घरी एकटे होते. बायकोचं ऑपरेशन आणि नवरा दीडशे मैलांवर घरी, हे कुणाला विचित्र वाटेल, पण आमच्या शहरात तेव्हा कुणालाही वाटलं नसतं. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, तेही सांगून नाही. आपल्या पाळीला घरात माणूस नसलं तर पुढचे आठ दिवस बोंबलायचं. म्हणून प्रत्येक घरात एक जण पाण्यासाठी मागं राहायचा. आमच्याकडे ते काम कायम आईचं होतं. या वेळी ते आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर आलं होतं.

"बाबा, त्या काळ्या पेटीवर दिवा लागलाय का?"

"पेटी जागेवरच आहे."

"दिवा, बाबा. हिरवा दिवा."

"तसा काही दिसत नाय."

"वायर लावलेली आहे?"

"आहे ना. मागून घट्ट बसलीय."

मी राउटरचे दिवे मोजायला लावले. त्यांनी चष्मा शोधला, मग मोजले, मग पुन्हा मोजले आणि दोन वेगवेगळे आकडे सांगितले. मी इंटरनेटवाल्याच्या क्रांती चौकातल्या ऑफिसला फोन केला. तो म्हणाला, "लाईन एकदम ओके आहे साहेब. आपका डब्बाच जवाब नाय देत." मग संध्याकाळी पुन्हा बाबा. राउटर बंद करा, दहा आकडे मोजा, चालू करा. ते मोठ्यानं एक ते दहा मोजत असताना मी कपाळाला हात लावून बसलो होतो. वायर लावलीय का हे मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा "आहे ना" हेच उत्तर आलं. शेवटी तेच वैतागून म्हणाले, "पेटीच घेऊन येऊ का रात्रीच्या बसनं?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "पण मग पाण्याचं?"

गुरुवारी दुपारपर्यंत मी घायकुतीला आलो होतो. आईला रक्ताच्या तपासण्यांसाठी खाली नेलं होतं. मी बाबांना म्हटलं, तुम्ही राहू द्या, शेजारच्या वहिनींना बोलवा. वहिनी देवगाव रंगारीच्या, चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. आडपडदा हा प्रकार त्यांच्याकडे नाही. त्या आल्या, फोन घेतला आणि एका नजरेत निकाल लावला.

"भाऊ, दिवा कसा लागंल? पेटीची पिन तर खाली लोंबतीय. कूलरच्या पॉइंटला मोटर लावलीय काकांनी."

मला आधी काही कळेना. मग सगळं लख्ख कळलं. आमच्या भागात पूर्वी पाणी आपोआप हौदात पडायचं. जालना रोडच्या बाजूनं एकावर एक इमारती उभ्या राहिल्या, एकाच नळावर दुप्पट घरं आली आणि पाण्याला जोर राहिला नाही. मग गल्लीतल्या प्रत्येकानं नळाला छोटी मोटर लावून पाणी ओढायला सुरुवात केली. ते बेकायदा. पालिकेचं पथक आलं तर मोटर उचलून नेतं. म्हणून मोटरची वायर खिडकीतून हॉलमध्ये घ्यायची, म्हणजे बाहेरून दिसत नाही. आणि खिडकीजवळ मोठा पॉइंट एकच, कूलरचा. कूलरला घालण्याइतकं पाणी आमच्याकडे कधीच नसायचं, म्हणून तो मी पेटीला दिला होता.

बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. जन्मात त्यांनी कायदा मोडला नव्हता आणि फोनवर 'मोटर' हा शब्द उच्चारायला ते तयार नव्हते.

"बाबा! दोन दिवस मी विचारतोय! वायर लावलीय का, वायर लावलीय का!"

"लावलीय म्हणालो, ते खरंच होतं. पेटीला लावलेलीच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी काल यायचं ते आलं नाय, म्हणून मोटर लावूनच ठेवली. अन् फोनवर कशाला ते. शिवाय कागद तर आतच आहेत ना? कपाटाला कुठं वीज लागते?"

मी ओरडलो. जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. आईपेक्षा तुम्हाला ती मोटर मोठी झाली का, असंही मी म्हणालो, आणि ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात. त्यांनी मुकाट्यानं पेटीची पिन बसवली. तरी दिवा लागला नाही. तेव्हा मला आठवलं, वीज गेली-आली तर डिस्क बिघडू नयेत म्हणून पेटी आपोआप सुरू होणं मीच बंद करून ठेवलं होतं. पण मग बटण कुठलं आणि किती वेळ दाबायचं, हे मला सुधरेना.

इतक्यात आई वर आली. दंडाला कापूस चिकटवलेला. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अहो, पिन आणखी दाबा. त्या पॉइंटला ढिली बसते. आता पुढचं खालचं बटण. दाबून धरा, टुक आवाज येईपर्यंत. आला? सोडा. आता बसा जरा, पाच मिनिटं लागतात त्याला."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुला कसं माहीत?"

"दर पाण्याला मीच तर पिन काढते अन् परत लावते," आई म्हणाली. "पहिल्यांदा दिवा लागला नव्हता, तेव्हा सगळी बटणं दाबून पाहिली. तू लांब असतोस, तुझं काही अडायला नको म्हणून पाणी भरलं की आधी तेच."

चार वर्षं पेटीनं दगा दिला नव्हता तो असा. मधेच ती तास-दोन तास बंद दिसायची तेव्हा मी लोडशेडिंगला शिव्या घालायचो. मला भयंकर लाज वाटली. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

पाच मिनिटांनी पेटी उघडली. स्कॅन उतरायला पाऊण तास लागला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, उद्या सकाळी घेऊ.

हे सांगायला मी बाबांना फोन केला. माफी मागायची होती, पण त्यांनी तो विषय येऊच दिला नाही. मग म्हणाले, "तिला विचार, घरात असं आणखी काय काय आहे, जे फक्त तिलाच माहीत आहे. मी लिहून घेतो. कागद घेऊनच बसलोय."

मी आईला विचारलं. ती सकाळसाठी केस घट्ट बांधून घेत होती.

"लिहायला कशाला हवं? म्हणावं, आल्यावर दाखवते."

मी तसं सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले, पण फोन त्यांनी ठेवला नाही.