आईसाठी केलेला पहिला स्क्रीन

बाबांचं डायलिसिस सुरू झालं, त्याच सुमारास आमच्या पवईच्या ऑफिसात किडनीच्या पेशंटसाठी ॲप करायचं काम आलं. काय खायचं आणि काय नाही, एवढंच सांगणारं ॲप. मी तिथे डिझाइन करते. हे काम मी मागून घेतलं, आणि त्यात सेवाभाव वगैरे काही नव्हता. मला माझा बाप जगवायचा होता.

हॉस्पिटलात घाईघाईत सांगितलं होतं, पाणी मोजून, मीठ कमी, फळं बंद. घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात मात्र रोज नवा प्रश्न. सोलकढी चालेल? अळू? सुक्या बांगड्याचा एक तुकडा? आई मला फोन करायची आणि मी नेमकी मीटिंगमध्ये असायचे.

म्हणून मी पहिला स्क्रीन तिच्याकडे बघून केला. तिचे हात ओले असतात, चष्मा फ्रिजवर असतो, टाइप करणं तिला जमत नाही. ॲप उघडलं की समोर मोठमोठी चित्रं. बटाटा, केळं, टोमॅटो, डाळ, शहाळं. चित्राला बोट लावलं की लाल किंवा हिरवा रंग आणि खाली एक वाक्य. इंटरनेटही लागत नव्हतं, कारण आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही.

आमचा बॉस माझ्याच वयाचा, ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. "फारच गरीब दिसतंय यार हे," तो म्हणाला. त्याला आधी हळूहळू उमलणारा लोगो हवा होता. मग आहारतज्ज्ञ बाईंचा हसरा फोटो. मग मोबाइल नंबर आणि ओटीपी.

"लॉगिन नाही घेतलं तर किती लोक वापरतात ते दाखवणार कसं?"

"माणूस गॅससमोर उभा आहे रे. त्याला आत्ता विचारायचंय."

"अगं, एकदाच करायचंय ना. रोज थोडंच?"

मी घसा बसेपर्यंत भांडले. शेवटी माझा स्क्रीन जसाच्या तसा राहिला, फक्त त्याच्यापुढे आणखी तीन येऊन उभे राहिले.

आईच्या फोनवर मी लॉगिन करून दिलं आणि बरेच दिवस छान चाललं. "बटाटा लाल आहे," असं ती जजसारखं सुनावायची. "तुझ्या पोरीने माझं सगळं ताटच लाल केलंय," म्हणून बाबा कुरकुरायचे. आम्ही हसायचो. तेव्हा अजून हसता येत होतं.

मग एक अपडेट आलं आणि सगळ्यांचं लॉगिन गेलं. ऑफिसात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला तर ते नंतर कळलं.

त्या सोमवारी मी कामावर होते. डायलिसिस मंगळवारी होतं. कांदिवलीहून बाबांचे मावसभाऊ त्यांना बघायला आले. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि आमच्या लोकांच्या हातात शहाळंच असतं. काकांनी दोन आणली होती, खालीच तोंडं कापून, स्ट्रॉ घालून. कापलेलं शहाळं उद्यावर ठेवता येत नाही, आणि आणणारा समोर बसलेला असताना नको म्हणणं आमच्याकडे कुणाला जमलेलं नाही.

आईला शंका आली होती. फळं बंद होती, पण शहाळ्याला आमच्याकडे कोणी फळ म्हणत नाही. "थांबा, बघते," म्हणून ती आत गेली आणि तिने ॲप उघडलं. लोगो उमलला. बाई हसल्या. नंबर मागितला, तो तिने एकेक आकडा शोधून घातला. ओटीपी काही येईना. मला फोन लावला, तोही लागेना.

बाहेर काका म्हणत होते, "पी रे, ह्या काय पाणी नाय, औषद आसा."

बाबा कित्येक महिने मोजलेल्या पाण्यावर होते. त्यांनी दोन्ही शहाळी तळापर्यंत संपवली. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या फोनवर ते गोल चक्र अजून फिरत होतं.

संध्याकाळी ते म्हणाले, पायात जोरच नाही. हॉस्पिटलात मशीनला लावायच्या आत हृदय थांबलं. पोटॅशियम फार वाढलं होतं, पण एकट्या शहाळ्याने असं सांगता येणार नाही, या आजारात हे होतं, असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल. काका आमच्या दारात बसून लहान मुलासारखे रडत होते, त्यांनाही मी तेच सांगितलं.

तेरावं झाल्यावर ऑफिसला गेले. बॉसचे डोळे भरून आले, आणि ते नाटक नव्हतं. मी न सांगताच त्याने लोगो, बाई, लॉगिन सगळं काढायला लावलं. जेवणानंतर काम सुरू झालं आणि चहाच्या आत संपलं. मला सगळ्यात जास्त राग ह्याच गोष्टीचा आहे.

नवीन ॲप आईच्या फोनवर आपोआप आलं. एका दुपारी तिने चष्मा लावला आणि ते उघडलं. चित्रं लगेच समोर आली. तिने शहाळ्यावर बोट ठेवलं. स्क्रीन लाल झाला. 'अजिबात देऊ नका,' तिने अक्षर अक्षर लावून वाचलं.

"एवढ्या पटकन येतं होय?" तिने मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने ॲप बंद केलं, परत उघडलं, आणि परत त्याच चित्रावर बोट ठेवलं.