गाठीचं गाव

आमच्या लॅबचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की थेट गाठीशीच बोलतात, "गाव कंचं बाई तुझं?"

उमापूरच्या एका मावशींची गाठ पोटातल्या पडद्यावर वाढलेली. आतड्याला कुठं चिकटलेली नव्हती, पेशी मात्र आतड्याच्या गाठीसारख्या. डॉक्टरांचा आठवडाभर चहा गार होत राहिला.

आज गाठीचं मूळ ओळखायचा खास रंग दिलेली काच आली. पेशी तपकिरी दिसल्या आणि डॉक्टर खुर्चीसकट गरगर फिरले.

"आतड्याचीच भावकी हाय! लई दुर्मिळ! हिच्यावर गोळ्या हायत!"

मला ओढून त्यांनी फुगडी धरली. कॅन्सरवर फुगडी! तेवढ्यात दारात मावशींचे यजमान.

"कावून नाचायलेत डॉक्टर?"

"गाठीचं गाव सापडलं," मी म्हणालो.

"मग धाडा की तिला माघारी!" म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि फुगडीला हात पुढं केले.