झाडावर चढणारा मासा

आजोबांच्या गोष्टीतला मासा झाडावर चढायचा. वर बसून कोण आलंय ते बघायचा आणि माणूस पसंत पडला नाही तर चिखलात उडी मारायचा. वर्तकनगरच्या आमच्या घरी आजोबा कोपरहून अधूनमधून यायचे, तेव्हा असलं काहीतरी सांगायचे.

आजोबा वारल्यावर मी ठरवलं, एकेक गोष्ट तपासायची. आठवल्या तेवढ्या फोनमध्ये उतरवल्या आणि एका रविवारी सकाळी कोपरला चुलतभावाकडे गेलो. तो आजोबांजवळच वाढलेला.

झाडावरच्या माशाचं ऐकून तो हसलासुद्धा नाही. "निवटी. चल, आता ओहोटीच आहे."

खाडीकाठी तिवरांच्या मुळांवर बोटाएवढे मासे खरोखर चढून बसले होते. डोळे डोक्यावर. आम्ही जवळ गेलो तसे टपाटप खाली. भाऊ गुडघाभर चिखलात शिरला, एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला आणि निवटी काढून माझ्यापुढे धरली.

"कुणी शिकवलं?"

"आजानं. रोज न्यायचा. तुला नाही नेलं कधी?"

"नाही."

"तुझी आई ओरडली असती, कपडे खराब झाले म्हणून. पण खाल्लीयस तू. सुट्टीत आलास की कालवण काय वांग्याचं असायचं? आजा तुझ्यासाठी मुंडकी काढायला लावायचा. म्हणायचा, बिल्डिंगमधलं पोर आहे, डोळे बघून जेवणार नाही."

गोष्ट खोटी निघाली असती तर मला चाललं असतं. खरी निघाली, आणि मला नुसती सांगितलेली. याला हात धरून नेलेलं.

मीही एका बिळात हात घातला. रिकामं. शेजारच्यात घातला. तेही रिकामं.

"बिळाला दुसरं तोंड असतं," भाऊ म्हणाला. "ते आधी पायानं दाबायचं."

हेही त्यालाच ठाऊक.

घरी नळावर चिखल धुताना त्याने विचारलं, "अजून काय काय सांगायचा रे तुला?"

"का? तुला नाही सांगितलं?"

"मला? मला म्हणायचा, तोंड बंद ठेव, मासे पळतात."

मी हात पुसून फोन काढला आणि दोन गोष्टी वाचून दाखवल्या. नळ तसाच चालू ठेवून तो ऐकत राहिला.

"आणखी?"

फोनमध्ये खाली अजून बऱ्याच होत्या.

"एवढ्याच," म्हटलं, आणि फोन खिशात ठेवला.