काऊन मॅडमची लायब्ररी

'काऊन' विचारल्याशिवाय आमच्या मॅडमच्या घशाखाली पाणी उतरत नसे. काऊन म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं 'का'. उशीर झाला, काऊन? लवकर आलास, काऊन? गोंदियाच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर आम्ही राइस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. मॅडम आमच्या प्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना काऊन मॅडमच म्हणत.

त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रामांत वापरता येईल असा तयार कोड. कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर आम्ही खूण करून, तो तुकडा का लिहिला याची छोटी टीप लिहायची. लायब्ररी ती टीप वाचायची आणि सांगितलं तर स्वतः बदलूनही लिहायची. त्या खुणेचं नावच मॅडमनी 'काऊन' ठेवलं होतं. टीप नसली की लायब्ररी काम अडवून बसायची, अगदी मॅडमसारखी. ओल्या धानाचं वजन कापणाऱ्या कोडवर मी एकदा लिहिलं, 'मिलच्या शेठनी सांगितलं म्हणून.' मॅडम कडाडल्या, "उद्या शेठ मरन, मंग? काय करते ते मशीनले समजते रे बाबू. काऊन करते, ते माणसाले सांगा लागते!"

पटायचं, पण लाजही वाटायची. नागपूरला शिकताना मी मोठ्या कष्टाने 'काऊन' गिळून 'का' म्हणायला शिकलो होतो, आणि इथे तोच शब्द स्क्रीनभर!

मग पुण्याची एक कंपनी ती लायब्ररी घ्यायला तयार झाली. व्हिडिओ कॉलवर त्यांचा साहेब हसून म्हणाला, "हे काऊन काय आहे? काऊ-चिऊ?"

आता याची खैर नाही, असं मला वाटलं. पण मॅडमची मान खाली गेली.

"टायपिंग मिस्टेक आहे, सर."

कॉल संपताच त्यांनी आपल्याच लायब्ररीला हुकूम सोडला. तिने इमानदारीने सगळे काऊन वाचले आणि प्रत्येकाच्या जागी 'कारण' लिहिलं. चहा निवायच्या आत काम फत्ते.

"झालं. आता कोणालेच लाज नाही," माझ्याकडे न बघता मॅडम म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

पुढे त्या त्याच कंपनीत पुण्याला गेल्या. परवा त्यांचा फोन आला. "कसे आहात तुम्ही? सगळं व्यवस्थित चाललं आहे ना?" शब्दन्‌शब्द इस्त्री केलेला. मीही काही कमी नाही. म्हणालो, "अगदी व्यवस्थित, मॅडम. आपण कशा आहात?"

फोन ठेवला तशी आईने चुलीजवळून विचारलं, "कोन होतं रे? परकं मानूस?"

मी 'हो' म्हणालो.