हवालदारांच्या हातावरचा वाघ

बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधी उसाच्या कडेनं हातात हात घालून पळणाऱ्या जोडप्यांना मी कंटाळले आणि माजी सैनिकांच्या गोंदणाचे फोटो काढायचं ठरवलं. प्रत्येक गोंदणामागे शौर्य असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पहिल्यांनी दंडावर रक्तगट गोंदवला होता, तोही चुकीचा. दुसऱ्यांच्या मनगटावर एका बाईचं नाव होतं आणि ते त्यांच्या बायकोचं नव्हतं. त्यांनी मला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं.

तिसरे शेळगावचे निवृत्त हवालदार, सत्तरी ओलांडलेले. पूर्ण बाह्यांचा सदरा, छातीवर पदकं. मी गोंदणाचं नाव काढलं की ते म्हणायचे, आधी पदकांचा फोटो घ्या. चार वेळा घेतला. शेवटी त्यांच्या बायकोनं, आजींनी, येऊन त्यांची बाही सरळ कोपरापर्यंत सारली.

हातावर मांजर होतं. चांगलं गुबगुबीत.

"वाघ हाय त्यो," हवालदार म्हणाले.

आसामात असताना त्यांनी जत्रेत गोंदवून घेतला होता. गोंदणाऱ्यानं वाघ बघितला नसावा. अख्खी तुकडी त्यांना बघून म्याव करायची. पुढची हकिकत आजींनी सांगितली. नवं लग्न, नवरा सुट्टीवर आलेला. त्या मिशा आणि तो आवाज, यांची त्यांना इतकी धास्ती की ताट वाढून दाराआड जायच्या. एक दिवस तो हात धूत असताना त्यांना हे मांजर दिसलं आणि हसू आवरेना. नवरा रागानं रानात जाऊन बसला. आजी भाकरी घेऊन मागोमाग गेल्या आणि दोघं दिवस मावळेपर्यंत बोलत बसले.

"म्हटलं, ह्यो माणूस बी फसतो की," आजी म्हणाल्या. "मग भीती कसली राहती?"

त्या चहा ठेवायला आत गेल्या, तसं हवालदारांनी हळूच विचारलं, कॉम्प्युटरवर याचा नीट वाघ करता येईल का? मी म्हणाले, येईल. आजींनी आतून ऐकलं आणि दारात आल्या.

"त्याला हात लावायचा न्हाय."

मी नाही लावला. मांजरासकट फोटो प्रदर्शनात लागला. हवालदार बघायला आले नाहीत, माझा फोनही उचलत नाहीत. आजींनी मात्र दोनदा फोन करून मोठी प्रत मागवली. बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी लावणार आहेत.