ढाणकीच्या चुलीतला सूर्य

नववीत असताना यवतमाळच्या आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी एकदा पितळी नळी आणली होती. तिच्यातून उन्हाचा उजेड पाहिला, की इंद्रधनुष्यासारख्या पट्ट्यात केसाएवढ्या काळ्या रेघा दिसतात, म्हणाल्या. आम्ही रांगेत उभ्या. मी डोळा लावला तो काढलाच नाही. घंटा झाली आणि माझ्या मागची कुसुम, रांगेतली शेवटची, न बघताच वर्गात गेली.

परवा कुसुमचा फोन आला. तिच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय. बारीक गोष्टी फार दिवस दिसणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. "त्या रेघा तेवढ्या राहून गेल्या वं," ती हसून म्हणाली. फोन ठेवला आणि मी चपलांचं रिकामं खोकं शोधायला लागले. तसलीच नळी घरी करायची: एका टोकाला दोन ब्लेडांमधली फट, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा आणि डोळ्यासाठी भोक.

कुसुमच्या ढाणकीला जायचं तर यवतमाळहून उमरखेडची सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. आर्णीनंतर दोन्हीकडे फुटलेला कापूस. महागावच्या स्टँडवरचा आलूबोंडा गरम असतानाच खा.

"मावशी, खोक्यात कोंबडी तं नाही ना?" कंडक्टरने विचारलं.

"सूर्य आहे."

"मंग हाफ नाही, फुल लागन!"

उमरखेडहून ढाणकीला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊ नका.

कुसुमच्या नव्वदीकडे झुकलेल्या सासूबाईंनी खोकं बघून नाक मुरडलं. "एवढ्या लांबून हे आणलं? लुगडं आणावं लागत होतं!"

थेट सूर्याकडे कधीच बघायचं नाही, म्हणून अंगणातल्या उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे खोकं धरलं. रंग दिसले, रेघा नाहीत. तांड्यावरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली कुसुम म्हणाली, "ब्लेडांमधली फट रुंद झाली. जास्त उजेडात बारीक काही दिसत नाही." ब्लेड जवळ सरकवेपर्यंत ऊन गेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नजर लागली माह्या सुनेले," म्हणत सासूबाईंनी मूठभर मीठ-मोहरी तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकली. मोहरी तडतडली आणि जाळ पिवळाधम्मक झाला.

"आत्याबाई, आणखी टाका!" कुसुमने खोकं चुलीकडे वळवलं.

"एका नजरेले किती मीठ लागते वं!"

खोक्यात एकच ठसठशीत पिवळी रेघ होती. मिठातल्या सोडियमची.

सकाळी ऊन पुन्हा भिंतीवर आलं. कुसुमने खोक्याला डोळा लावला. मी घाई केली नाही. डोळा न काढताच ती म्हणाली, "काल जिथं पिवळी रेघ होती, तिथंच आज काळी हाय."

सूर्याचा उजेड त्याच्याच भोवतीच्या वायूतून बाहेर पडताना तिथलं सोडियम नेमका तेवढाच पिवळा गिळून टाकतं. ताऱ्यापर्यंत कुणीच गेलेलं नाही. पण अशाच रेघा वाचून तो कशाचा बनलाय, किती तापलाय, आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे खगोलशास्त्रज्ञ सांगतात.

"आत्याबाई, तुमच्या मिठातलं सूर्यातही हाय!"

"मंग त्याचीबी नजर काढली असन कोणी," त्या भाकर थापत म्हणाल्या.

परतताना पुरचुंडीत त्यांचं जाडं मीठ मिळालं. आता घरी ओट्यावर ते बघते आणि वाटतं, इतकी वर्षं कुसुमचा रांगेतला नंबर माझ्याकडेच राहिला होता.

म्हणून हे लिहून ठेवते. माझ्यामागे हे मीठ माझ्या सुनेला द्यावं, स्वयंपाकात संपवू नये. खोकं कुसुमकडेच राहील. तिला दिसेनासं झालं की ते तिच्या तांड्यावरच्या शाळेला द्यावं, ब्लेडना वरून चिकटपट्टी लावून. आणि पहिला नंबर रांगेतल्या शेवटच्या मुलीला.