शुक्रवारची खोली

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्याएवढा मूर्ख अख्ख्या भिवंडीत दुसरा नव्हता, हे आज मी पुराव्यानिशी सिद्ध करणार आहे!

आणीबाणीच्या थोडं आधीची गोष्ट. वाईहून येऊन भिवंडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागून मला दोनच दिवस झाले होते. लग्न कल्याणच्या कुसुमशी ठरलेलं, पण तिचे वडील, आप्पा, अट घालून बसलेले. "खोली शांत हवी. नाहीतर मुलगी देणार नाही." त्यांचं तरी काय चुकलं? कोर्टातून निवृत्त झालेला कारकून, आणि घराला लागून पत्र्याचे डबे ठोकणारा! दिवसभर ठण्‌ठण्‌ ऐकून बिचाऱ्यांचं डोकं कायमचं उठलेलं.

मी भिवंडीतल्याच कामतघर भागात खोली बघायला गेलो. माडीवर शेजारी-शेजारी दोन खोल्या, दोन्ही रिकाम्या. खाली मोठं दार, त्याला कुलूप. आणि शांतता? चिमणीनं पंख झटकले तरी ऐकू यावं!

मालक नामदेव पाटील म्हणाले, "मास्तर, आज शुक्रवार हाय. उद्या येऊन बघा, मंग ठरवा."

आता मी किती हुशार बघा! मनात म्हटलं, उद्या याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येणार. हा मला टाळतोय.

"नाही पाटील, आजच! आत्ता चावी द्या."

"अवो, पन उद्या..."

"उद्या-बिद्या काही नाही!"

पाटलांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि चावी दिली.

शनिवारी सकाळी सातला खालचं कुलूप उघडलं. आत कापड विणायचे बारा लूम! बाराच्या बारा एकदम सुरू झाले. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद असतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, मलाच तेवढं नव्हतं. फळीवरचा पेला चालत चालत कडेला गेला आणि त्यानं खाली उडी घेतली. मी खाटेवर बसलो, तर खाट मला घेऊन दाराकडे निघाली! आठवडाभरात मी वर्गातही ओरडून बोलायला लागलो. मुलांना वाटे, मास्तर चिडलेत.

अशात आप्पांचं पत्र आलं, खोली बघायला येतो. मी उलट टपाली कळवलं, "शुक्रवारीच या. दिवस चांगला आहे." यात खोटं काय होतं, सांगा!

आप्पा आले, खिडकीशी उभे राहिले, डोळे मिटले. उघडले तेव्हा डोळ्यांत चक्क पाणी.

"जावईबापू, अशी शांतता तीस वर्षांत अनुभवली नाही. लग्न पक्कं!"

मी मनातल्या मनात नाचतोय, तोवर ते शेजारच्या खोलीत डोकावले.

"ही रिकामी आहे? कुसुम इकडे आल्यावर मी कल्याणला एकटा काय करू? लेकीच्या घरात राहणार नाही, पण शेजारी राहायला काय हरकत आहे?"

तेवढ्यात पाटील जिना चढून आले.

"काका, आज शुक्रवार हाय. उद्या येऊन बघा."

आप्पांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजले, "हा टाळतोय. दुसरं गिऱ्हाईक असणार याच्याकडे. आजच घेऊन टाकतो!"

पाटील माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, तुमी तरी सांगा की यांना!"

काय सांगणार कप्पाळ? खरं बोलावं तर कुसुम जाते, गप्प बसावं तर आप्पा येतात. आणि कुसुम मला फार आवडली होती हो! मी म्हटलं, "आप्पा म्हणतात तसंच करा."

लग्न झालं. आप्पांनी कल्याणची जागा सोडली आणि एका शुक्रवारी कुसुमबरोबरच ट्रंक घेऊन हजर झाले.

शनिवारी सातला ते धोतर सावरत बाहेर आले. चेहरा लालबुंद, हात हवेत, तोंड सारखं चालू. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आदरानं मान डोलावत राहिलो.

पण माणूस पडला कोर्टातला! मला जे जे सुनवायचं, ते शनिवार ते गुरुवार वहीत मुद्देसूद लिहून ठेवायचे. शुक्रवारी शाळा सुटून मी घरी आलो, की खुर्ची टाकून, चष्मा लावून मुद्दा क्रमांक एकपासून वाचायला सुरुवात!

अख्खी भिवंडी शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघायची. मी एकटाच दर गुरुवारी पाटलांचे पाय धरायचो, "पाटील, उद्या एक तरी लूम चालू ठेवा हो!"